आजी, पुढं काय झालं?

मुलांनो, गोष्ट कुठून सुरू होते, सांगा बरं? 'एक होता राजा'पासून? अंहं! कुणीतरी 'सांगा ना' म्हणतं, तिथून गोष्ट सुरू होते.

आपल्या पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवाजी महाराजांच्या काळातले हे कवी. त्यांनी महाराजांचं चरित्र संस्कृत काव्यात लिहिलं. त्याचं नाव 'शिवभारत'. त्याची सुरुवात मोठी गमतीची आहे हं! परमानंद काशीला जातात. तिथले पंडित त्यांना म्हणतात, आम्हांला शिवाजीराजांची कथा सांगा. मग परमानंद सांगू लागतात. मधूनमधून पंडित प्रश्न विचारतात आणि कथा पुढे सरकते. पण ३२ व्या अध्यायात ती मध्येच तुटते. पुढचं आता कुणाला विचारायचं?

तुमच्या घरीही असे एक कवींद्र आहेत. ओटीवर बसून सुपारी कातरत असतील, नाहीतर पडवीत तांदूळ निवडत असतील. त्यांना कुणी विचारत नाही, एवढंच!

आमच्या वर्गातल्या एका मुलानं आजीला विचारलं, "आजी, तुझ्या लहानपणी पहिला पाऊस आला की तू काय करायचीस?" आजी म्हणाली, "वलगणीला जायचो!" आता वलगण म्हणजे काय? पहिला जोराचा पाऊस झाला, की नदीतले मासे ओढ्यावाटे उलटे वर चढतात. उथळ पाण्यात, भातखाचरांत अंडी घालायला येतात. ही वलगण. आजी आणि तिचा भाऊ रात्री कंदील अन् टोपली घेऊन निघायचे. एकदा भावाच्या पायाला झाडाचं मूळ लागलं. "साप! साप!" करत तो जो पळाला, तो टोपली सोडून थेट घरात! सांगताना आजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मुलानं विचारलं, "आजी, तुला भाऊ होता?" होता. लहानपणीच तापानं गेला. मुलाच्या बाबांनाही हे त्या दिवशीच कळलं. इतकी वर्षं आजीला कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आजीच नातवाला म्हणाली, "बस इकडं, त्याची अजून एक गंमत सांगते."

पाहिलंत? एका प्रश्नातून मासे कळले, पाऊस कळला आणि घरातलं हरवलेलं माणूसही परत भेटलं.

जुलै २०२१ च्या महापुरात महाडमधल्या कितीतरी घरांतले फोटो, वह्या, कागद चिखलात गेले. ते परत मिळायचे नाहीत. पण त्या फोटोंतल्या माणसांच्या गोष्टी सांगणारे आजी-आजोबा घरात आहेत. त्यांना विचारायला उशीर मात्र करू नका.

तर या सुट्टीत एक काम करा. मुंबईहून एस.टी.नं गावी येणाऱ्यांनी तर नक्कीच! आजी-आजोबांना तीन प्रश्न विचारा. तुम्ही शाळेत कोणत्या वाटेनं जायचात? त्या वाटेवर कोणती झाडं होती? तुमचा सगळ्यांत खोडकर सोबती कोण? उत्तरं वहीत लिहा, त्यांच्याच शब्दांत बरं का! 'आमी' म्हणाले तर 'आमी'च लिहा. आईबाबांनो, तुम्ही मोबाइलवर त्यांचा आवाज टिपून ठेवा आणि तुम्हीही जवळ बसून ऐका.

आणि आजी बोलता बोलता थांबली, तर उठून जाऊ नका. हळूच म्हणा, "आजी, पुढं काय झालं?"

— तुमच्या बाई