नाऱ्याची स्वप्ने आणि ‘सबकुछ’चा शिक्का

पार्ल्यात पु. ल. देशपांडे या नावाभोवती जी आत्मीयता आहे ती समीक्षेला फारशी मानवणारी नाही. पार्ले टिळक विद्यालयाचा हा विद्यार्थी घरचाच. आणि घरच्या माणसाचे मूल्यमापन कोण करणार? या लाडाचा सर्वाधिक फटका ‘गुळाचा गणपती’ (1953) या चित्रपटाला बसला, असे मला वाटते. लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि नायकाची भूमिका पुलंचीच, म्हणून त्यावर ‘सबकुछ पु. ल.’ असा शिक्का बसला, आणि तेवढे म्हटले की चर्चा संपते. खरे तर हा शिक्काही अचूक नाही. ‘इंद्रायणी काठी’चे शब्द गदिमांचे, स्वर भीमसेन जोशींचा.

प्रश्न आहे तो नाऱ्याचा. भोळसट, जगाच्या हिशेबात कवडीमोल असलेला हा तरुण दिवास्वप्नांत मात्र कर्तबगार असतो. याला आपण ‘निर्विष विनोद’ म्हणतो. पण हसू नेमके कशाचे येते? कर्तृत्वावाचून प्रेमाची पात्रता नाही, हे आपण आधीच मान्य केलेले असते. म्हणून तर नाऱ्याचे स्वप्न हास्यास्पद ठरते. विष प्रेक्षकाने घरूनच आणलेले असते.

इथे रॉबर्ट हॅमरचा ‘काइंड हार्ट्‌स अँड कोरोनेट्‌स’ (1949) शेजारी ठेवून पाहावा. कापडाच्या दुकानात नोकरी करणारा लुई मॅझिनी गरीब, म्हणून सिबेला त्याला नाकारते. मग सरदारकीच्या वाटेत येणाऱ्या नातलगांना तो एकेक करून, अत्यंत सभ्यपणे, वाटेला लावतो. (त्या घराण्यातली आठ माणसे एकटा अ‍ॅलेक गिनेस रंगवतो, ‘सबकुछ’चा मोह आपल्यापुरताच नव्हता.) दोन्हीकडे प्रेमाच्या दारावर पैशाचा पहारा आहे. ब्रिटिश नायक पहारेकऱ्यांचा काटा काढतो, मराठी नायक डोळे मिटतो. पुलंनी डोळे मिटणारा निवडला, याला मी सौम्यपणा समजत नाही. उच्च जातीतल्या का होईना, पण पगारावर जगणाऱ्या पांढरपेशांना महत्त्वाकांक्षा परवडत होती ती बहुधा मनातल्या मनात, हे त्यांनी ओळखले होते.

‘असा मी असामी’तले (1964) धोंडोपंत जोशी नाऱ्याचेच पुढचे रूप वाटतात. नोकरी आहे, संसार आहे, आणि नवी हौस घरात येते ती बहुधा दुसऱ्या कुणाची. मधल्या अकरा वर्षांत पुलंनी चित्रपटाचे दिग्दर्शन सोडले होते. स्वप्न पाहणाऱ्याला मात्र त्यांनी सोडले नाही.

आपल्या वर्गांत पुलंची पुस्तके शिकवली जातात, चित्रपट आठवणींच्या कार्यक्रमांकडे जातो. एखाद्या प्राध्यापकाने हे दोन्ही चित्रपट एकाच आठवड्यात दाखवावेत आणि मुले नेमकी कोणत्या जागी हसतात, ते टिपून ठेवावे.