कंपनीचाच पार्ट, कंपनीचाच मिस्त्री

धान घरात आलं की उंदीरही घरात येतात. आमच्या भंडारा जिल्ह्यात ही काही बातमी नव्हे. पण गेल्या डिसेंबरात त्यांनी धानाची पोती सोडून शेजारच्या पडवीत उभ्या असलेल्या आमच्या गाडीच्या बॉनेटमध्ये संसार थाटला. मुलाने २०२२ साली घेऊन दिलेली गाडी. एका सकाळी सुरू केली तर समोर एबीएसचा पिवळा दिवा लागला, तो काही केल्या विझेना.

जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊन गाडी घसरू नये यासाठीची ती व्यवस्था, एवढं मला माहिती होतं. सौ.ला दर पंधरा दिवसांनी डोळ्यांसाठी नागपूरला न्यावं लागतं. साठेक किलोमीटरचा रस्ता, तोही जुना सहा नंबरचा (आता त्याला ५३ म्हणतात), दोन्ही बाजूंनी ट्रक. ब्रेकशी खेळ नको म्हणून गाडी नागपूरला ‘कंपनीत’ टाकली. कंपनीत म्हणजे कंपनीत नव्हे हो, तिच्या अधिकृत विक्रेत्याच्या वर्कशॉपात. पण आपण सगळे तसंच म्हणतो, आणि त्या एका शब्दावर त्यांचा निम्मा धंदा चालतो.

तिसऱ्या दिवशी फोन आला. “अंकल, चूहे ने वायर काट दी है. पूरा हार्नेस चेंज करना पडेगा.” हार्नेस म्हणजे तारांचा अख्खा जुडगा. अंदाजपत्रक ४१,६०० रुपये! मी विचारलं, तारा किती तुटल्या? एक. मग तेवढीच जोडत का नाही? “कंपनी में जोड नहीं देते, अंकल. पॉलिसी नहीं है.” आणि वॉरंटी? उंदीर वॉरंटीत बसत नाही. (हे मला पटलं. उंदीर त्यांनी पाळलेला नव्हता.) नुसत्या तपासणीचे ८५० रुपये भरून गाडी परत आणली.

आमच्या नाक्यावर माझा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवतो. दहावीत गणितात तीनदा नापास झालेला. त्यातल्या एका नापाशीला मीही थोडा जबाबदार आहे, पण ते असो. त्याने बॉनेट उघडलं, बॅटरी धरून वाकला आणि म्हणाला, “गुरुजी, एकच तार तुटली हाये. जोडून देतो.” तार सोलली, झाळली, वर नळी चढवून ती तापवून घट्ट बसवली. पाऊण तास. ६०० रुपये, तेही घेत नव्हता. जोड टिकेल का, असं मी विचारलं. “चाकापाशी असती तं मीच नाई म्हटलं असतं, तिथं चिखलपाणी लागते. हे कोरड्या जागी हाये.”

हे उत्तर मला फार आवडलं. नागपूरच्याने नियम सांगितला, याने कारण सांगितलं. वर्गात आम्ही मार्क कशाला देत होतो?

पण दिवा विझला नाही! काही गाड्यांत तो आपोआप जातो म्हणे, आमच्या गाडीत झालेल्या बिघाडाची नोंद ब्रेकच्या कम्प्युटरमधून पुसावी लागते. याच्याकडचा स्वस्तातला स्कॅनर इंजिनापुरता, ब्रेकच्या कम्प्युटरला तो शिवतही नाही. शिवणारे स्कॅनर फार महाग, आणि कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर अशा नाक्यावरच्या माणसाला मिळत नाही. म्हणजे तार जोडलेली, यंत्र धडधाकट, पण नोंद पुसली जात नाही तोवर एबीएस बंदच. साधा ब्रेक लागतो तेवढाच. पुन्हा नागपूर. तिथे कागदावर ‘बाहर का काम हुआ है’ असं लिहिलं आणि मला सांगण्यात आलं की दिवा हवा असेल तर, म्हणजे विझायला हवा असेल तर, आधी हार्नेस बदला. शिवाय विजेच्या सगळ्या भागांची वॉरंटी आता संपली.

आता मुद्द्याचं. हा माझ्या एकट्याचा त्रागा आहे असं कुणाला वाटलं तर पुढचं वाचा.

२०११ च्या जानेवारीत एका ग्राहकाने होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट या कंपन्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. सुटे भाग बाहेर मिळत नाहीत, दुरुस्तीचं ज्ञान आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजला मिळत नाहीत, त्यामुळे दुकानदार म्हणेल तो भाव. चौकशी वाढत वाढत इतर कंपन्यांपर्यंत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी ६५ लाखांचा दंड ठोठावला. यात परदेशी होत्या तशा आपल्या टाटा, मारुती, महिंद्राही होत्या. सर्वांत मोठा वाटा टाटा मोटर्सचा, १,३४६ कोटी. जास्त खपाच्या भागांवरचा चढा भाव काही ठिकाणी पाच हजार टक्क्यांच्या घरात गेल्याचं त्या निकालपत्रात आहे. हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

आयोगाने नुसता दंड केला नाही. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मिस्त्रींनाही उपलब्ध करा, आणि बाहेर काम करून घेतलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही बजावलं. पुढे काय झालं? अपील! डिसेंबर २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड आणि निसान यांच्या बाबतीत दोष कायम ठेवला, पण दंडाचा हिशोब एकूण उलाढालीऐवजी सुट्या भागांच्या उलाढालीवर करून तो पुष्कळ खाली आणला. इतर काही कंपन्या कायद्याच्या कलमांनाच आव्हान देत दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तिथला निकाल यायला २०१९ चा एप्रिल उजाडला. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि डिसेंबरात संकेतस्थळही काढलं. मोबाइल, घरगुती उपकरणं, शेतीची अवजारं आणि वाहनं असे त्यात चार विभाग. चांगलं आहे. पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली लोकांनी मतदान करून, बाहेरच्या गॅरेजलाही दुरुस्तीची माहिती द्या असा कायदा करून घेतला होता. आपल्याकडे हा विषय कुठल्या सभेत निघाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर माझे दोन-तीन विद्यार्थीच मला धरतील. नकली पार्टचा बाजार खरा आहे. काही वर्षांपूर्वी मी स्वतः शंभर-दीडशे रुपये वाचवायला एका दुकानातून हुबेहूब खोक्यातले ब्रेकपॅड आणले होते. तीन महिन्यांत गुळगुळीत झाले. त्या दिवशी बैल आडवा आला असता तर हा लेख लिहायला मी राहिलो नसतो. आणि आजचे कंपनीचे भाग पूर्वीपेक्षा कितीतरी चांगले आहेत हेही कबूल. आमच्या तरुणपणी शाळेच्या सहलीला जीप काढली की एक मिस्त्री सोबत घ्यावा लागे. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी त्या जीपला धक्का मारलेला नसावा.

माझं भांडण पार्टशी नाहीच. पार्ट चांगला आहे म्हणून तो लावणारा, तपासणारा, दिवा पुसणारा सगळा आमचाच, हे जे पुढे जोडलं जातं त्याच्याशी आहे. आणि ‘कंपनीचा पार्ट’ तरी कंपनी बनवते का? बेअरिंग, फिल्टर, दिवे, तारा, यांतलं कितीतरी दुसरेच कारखाने बनवतात, खोक्यावर नाव मात्र गाडीवालीचं. या कारखान्यांनी तोच माल थेट बाजारात विकू नये असे करार असत, तोही आक्षेप आयोगाने घेतला होता.

आमचाच जिल्हा घ्या ना. डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याला मँगनीजच्या खाणी. पोलादात मँगनीज लागतं. वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, त्याचं पोलाद मोटारींच्या कारखान्यांना जातं. गडेगावला अशोक लेलँड, तिथे ट्रकचे गिअरबॉक्स बनतात. माती आमची, पोलाद आमचं, गिअर कापणारी पोरं आमच्या शाळांतून शिकून गेलेली. आणि बॉनेटखालची एक तार जोडायची अक्कल मात्र आमच्या जिल्ह्यात नाही! भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव. घागरीला चीर गेली तर तांबट ती झाळून देई, कल्हई लावी. नवी घागर घ्या, जोड देणं आमच्या पॉलिसीत नाही, असं त्याने म्हटलं असतं तर आमच्या आजीने त्याला दारात उभं केलं नसतं.

मास्तर म्हणून मला सर्वांत जास्त बोचतं ते ज्ञान कुलपात ठेवणं. माझ्या जुन्या स्कूटरच्या पुस्तिकेत प्लग कसा काढावा, कसा पुसावा हे चित्रांसह होतं. आताच्या गाडीची पुस्तिका जाडजूड, पण कुठल्याही दिव्यापुढे एकच उत्तर: अधिकृत केंद्राशी संपर्क साधा. एखाद्या शाळेने पाठ्यपुस्तक फक्त आपल्याच शिकवणीत येणाऱ्या मुलांना द्यायचं ठरवलं आणि वर बाहेरची मुलं नापास होतात बघा, असं म्हटलं, तर आपण त्या शाळेला काय म्हणू? नाक्यावरचा मिस्त्री अडाणी आहे असं सांगताना त्याला पुस्तक कुणी दिलं नाही हे सांगायचं राहून जातं. माझा हा विद्यार्थी २००० नंतरच्या गाड्या आता घेतच नाही म्हणाला असता तर समजलं असतं. तो घेतो, पण त्यातल्या निम्म्या परत पाठवतो. दोन पोरं कामाला होती, एक उरला आहे.

मागच्या आठवड्यात नागपूरहून फोन आला. सर्व्हिस कशी वाटली, दहापैकी दहा द्या, अंकल, नाहीतर आमचा पगार कापतात. फोनवरच्या मुलीचा काय दोष? तिला म्हटलं, बाळ, तुला दहा देतो, तुझ्या मालकाचा पेपर अजून तपासतोय. ती हसली, पण आकडा दहाच टाकला असणार.

त्यांना मी स्पीड पोस्टने पत्र पाठवलं आहे. एकच प्रश्न: बॉनेटमधली एक तार बाहेर जोडल्याने सगळ्या विजेच्या भागांची वॉरंटी जाते हे तुमच्या वॉरंटी पुस्तिकेत कुठल्या पानावर आहे? पोचल्याची नोंद दिसते, उत्तर नाही. महिनाभर वाट पाहून भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करणार आहे.

दरम्यान नाक्यावरचे तीन मिस्त्री पैसे एकत्र करून एक चांगला स्कॅनर घ्यायच्या विचारात आहेत. त्याचं माहितीपत्रक इंग्रजीत आहे, म्हणून ते माझ्याकडे आलं. माझं इंग्रजी बेताचंच. शब्दकोश घेऊन रोज संध्याकाळी दोन पानं मराठीत करतो, तो समोर बसून चुका काढतो. आमच्या गाडीच्या ब्रेकपर्यंत हा स्कॅनर पोचतो की नाही ते अजून त्या पानांत सापडलेलं नाही.

बुधवारी सौ.ला पुन्हा नागपूरला न्यायचं आहे. दिवा लागलेलाच आहे.