सायकलीची लाज कुणाला?

मागच्या महिन्यात चिरंजीवांच्या शाळेत पालकसभा होती. सकाळी मी डबे भरत होते, तेवढ्यात आमचा हा सातवीतला मुलगा जवळ येऊन हळूच म्हणाला, "आई, बाबांना सांग ना, सायकल शाळेच्या आत आणू नका म्हणावं. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी लावा आणि तिथून चालत या."

मी पोळीचं फडकं हातात धरून नुसती बघत राहिले. हे आतल्या खोलीत बूट घालत होते. त्यांना ऐकू गेलं असणार. कारण बाहेर आले ते काही न बोलता. पँटला लावायची क्लिप खिशात टाकली आणि म्हणाले, "मी आज सभेला रिक्षानेच जातो."

हे गेली चौदा वर्षं कचेरीला सायकलने जातात. अंतर साडेतीन किलोमीटर. दारात स्कूटर आहे, पण ती माझ्या शाळेच्या आणि बाजारहाटाच्या कामी येते. त्यात ह्यांना कधी कमीपणा वाटलेला मी पाहिला नाही. म्हणून ती खिशात गेलेली क्लिप दिवसभर माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

संध्याकाळी मुलाची खोली आवरताना भिंतीवरच्या चित्राकडे लक्ष गेलं. चिरंजीवांना बास्केटबॉलचं वेड. चित्र अर्थातच लेब्रॉन जेम्सचं. पावणेसात फूट उंच, दंड म्हणजे आमच्या वरवंट्यासारखे! त्याच्याकडे बघता बघता मला एकदम आठवलं, अहो, ह्या गृहस्थांबद्दल मी वाचलं होतं की!

हा खेळाडू २०१० ते २०१४ ह्या काळात मायामी शहराच्या संघात होता. जगातल्या सर्वांत जास्त कमाई करणाऱ्या खेळाडूंपैकी एक. दारात हवी ती मोटार उभी करायची ऐपत. तरी तो सामना खेळायला कित्येकदा सायकलने जायचा, आणि सामना संपल्यावर सायकलनेच घरी यायचा. सामन्याच्या दिवशी मैदानाभोवती मोटारींची जी कोंडी होते, तिच्यातून सायकलवाला सहज निसटतो. शिवाय पोहोचेपर्यंत पायही मोकळे झालेले असतात.

पण ह्या सायकलप्रेमामागे आणखी एक गोष्ट आहे. लेब्रॉनचं बालपण ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी गेलं. त्याच्या जन्माच्या वेळी आई अवघी सोळा वर्षांची होती, आणि तिने एकटीने त्याला वाढवलं. सारखी बिऱ्हाडं बदलावी लागायची. चौथीच्या वर्षात त्याची ८३ दिवस शाळा बुडाली होती. हातात सायकल असली की मुलाला आपली गल्ली सोडून बाहेरचं जग बघता येतं, हे तो स्वतःच्या अनुभवाने सांगतो. २०१८ साली त्याच्या संस्थेच्या मदतीने ॲक्रनमध्ये गरजू मुलांसाठी शाळा सुरू झाली. तिथे विद्यार्थ्याला सायकल आणि हेल्मेट फुकट मिळतं. गणवेश, पुस्तकं आपण समजू शकतो, पण सायकल! गरिबीतून वर आलेल्या माणसालाच हे सुचायचं.

आणि तो काही एकटा नाही. कॉनर बार्विन नावाचा अमेरिकन फुटबॉलचा एक खेळाडू २०१३ ते २०१६ फिलाडेल्फियाच्या संघात होता. (हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. हा हेल्मेट घालून, एकमेकांच्या अंगावर धावून जाऊन खेळायचा!) बार्विन वाढला डेट्रॉईटच्या परिसरात, म्हणजे मोटारींच्या माहेरीच. पण फिलाडेल्फियात तो मोटार न ठेवता राहायचा. घर शहराच्या मध्यभागी, सरावाची जागा दक्षिणेला. तिथे तो कधी सायकलने जायचा, कधी भुयारी रेल्वेने.

पण माझ्या मनात घर करून राहिलंय ते ग्रीन बे.

विस्कॉन्सिन राज्यातलं हे जेमतेम लाखभर वस्तीचं गाव. तिथला पॅकर्स हा फुटबॉल संघ १९१९ सालचा. इतर संघांचे मालक कोट्यधीश असतात. ह्या संघाला असा एक मालकच नाही. १९२३ पासून त्याचे समभाग लोकांनी घेतलेले आहेत. आज पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत आणि कुणालाही एका पैचा लाभांश मिळत नाही. नुसतं 'आमचा संघ' म्हणायचं समाधान!

तिथे दर उन्हाळ्यात, जुलैच्या शेवटी, सराव शिबिर सुरू होतं. खेळाडू कपडे करतात मोठ्या क्रीडांगणात आणि सरावाचं मैदान आहे रस्त्यापलीकडे. सकाळी गावातली मुलं आपापल्या सायकली घेऊन दाराशी ओळीने उभी राहतात. खेळाडू बाहेर आला की एखाद्या मुलाची सायकल मागून घेतो, तिच्यावर बसतो आणि सरावाला जातो. काही खेळाडू १३५ किलोंच्या वरचे! खाली आठ वर्षांच्या मुलीची गुलाबी सायकल, हँडलला झिरमिळ्या, गुडघे पार छातीला लागलेले. आणि सायकलीची मालकीण त्याचं हेल्मेट दोन्ही हातांनी पोटाशी धरून शेजारून पळतेय.

विन्स लोम्बार्डी हे १९५९ ते १९६७ ह्या संघाचे प्रशिक्षक होते. मोठे कडक. त्यांच्या काळात संघाने पाच विजेतेपदं मिळवली. सायकलींची ही पद्धत त्या काळापासून चालत आलेली आहे. कित्येकदा खेळाडू रोज त्याच मुलाची सायकल घेतो आणि दोघांची चांगली गट्टी जमते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ह्यूस्टनचा संघ तिथे एकत्र सरावाला आला होता. त्यातला जे. जे. वॉट हा नामांकित खेळाडू मूळचा विस्कॉन्सिनचाच. त्यानेही एका मुलीची सायकल घेतली, आणि त्या धिप्पाड देहाखाली ती मोडली! मग त्याने तिला नवी सायकल घेऊन दिली.

वाचताना मला हसू आलं, आणि मग माझी मीच विचारात पडले. लक्षावधींची कमाई असणारा माणूस भर गर्दीत लहान मुलीच्या सायकलवर बसतो आणि कुणाला त्यात त्याचा अपमान दिसत नाही. मग सातवीतल्या मुलाला आपल्या बापाच्या चांगल्या धडधाकट सायकलीची लाज कुठून आली?

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला फार शोधावं लागलं नाही. दोन वर्षांपूर्वी नात्यातलं एक लग्न होतं. कार्यालय घरापासून दहा मिनिटांवर. हे सहज म्हणाले, "तुम्ही दोघं स्कूटरवर पुढे व्हा, मी सायकलने येतो." त्यावर मी म्हटलं होतं, "आज तरी ती सायकल नको हो! लोक काय म्हणतील?" तेव्हा मुलगा शेजारीच उभा होता, नवा सदरा घालून. शब्द माझे होते; त्याने ते फक्त जपून ठेवले.

आता सायकलीत भीतीचं काहीच नाही असं मी म्हणणार नाही. निकी हेडन हा २००६ सालचा मोटारसायकल शर्यतीचा जगज्जेता. अफाट वेगाने मोटारसायकल चालवण्यात त्याचं आयुष्य गेलं. पण २०१७ च्या मे महिन्यात इटलीत साधी सायकल चालवताना त्याला मोटारीने धडक दिली आणि त्यात तो गेला. आईच्या पोटात कालवतं ते उगीच नाही. पण त्यावर उपाय म्हणजे काळजी घेणं. लाजेचा इथे काय संबंध?

तेव्हा घरात सायकल असेल तर एवढं जरूर करा. रविवारी चाकांतली हवा बघा. हवा कमी असली की सायकल जड जाते आणि मग मुलं कंटाळतात. ब्रेकचं रबर झिजलं असेल तर पुढच्या रविवारची वाट बघू नका, लगेच बदला. चेन कोरड्या फडक्याने पुसून थोडंसं तेल सोडा आणि जास्तीचं टिपून घ्या, म्हणजे कपड्यांना डाग पडत नाहीत. सीटची उंची अशी ठेवा की पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. गुडघेदुखीच्या बऱ्याच तक्रारी एवढ्याने थांबतात. अंधार पडल्यावर मागे लाल दिवा हवाच. आणि हेल्मेट मुलांना घालायला लावायचं असेल तर आधी मोठ्यांनी घालावं.

त्या रात्री जेवताना मी ग्रीन बेची गोष्ट सांगितली. गुलाबी सायकलीवरच्या धिप्पाड माणसाला चिरंजीव खूप हसले. लेब्रॉनचं सांगितलं तेव्हा मात्र हसले नाहीत. "खरंच? सामन्याला? सायकलने?" असं तीनदा विचारलं. मग मी लग्नाच्या दिवशीचं माझं बोलणं आठवून, दोघांच्या देखत म्हटलं, "ते माझं चुकलं होतं." हे म्हणाले, "अगं, भात वाढ." आमच्याकडे ह्याचा अर्थ 'झालं गेलं विसरलो' असा होतो.

मुलगा काहीच बोलला नाही. तो एकदम बदलला, असंही सांगणार नाही. पण परवा सकाळी ह्यांची क्लिप सापडत नव्हती. सगळे खिसे चाचपून झाले, कपाट झालं. तेव्हा मोज्यांच्या खणातून ती काढून त्याने बाबांच्या हातात दिली आणि विचारलं, "बाबा, तुमच्या सायकलचं सीट थोडं खाली आहे का हो?"

पुढची पालकसभा परीक्षेनंतर आहे. बघू या.