तीनशे नव्व्याण्णव!

समजा, तुमच्या नावावर ३९९ विजय जमा आहेत. टीम तगडी आहे, नुकतीच स्टेट चॅम्पियनशिप जिंकलीये. पुढचा सीझन सात-आठ महिन्यांवर आलाय. चारशेवा विजय म्हणजे निव्वळ औपचारिकता. अशा वेळी तुम्ही राजीनामा टाकाल?

छे! वेड लागलंय का? इन्सेंटिव्हचा स्लॅब पूर्ण व्हायला एक पॉलिसी कमी पडत असेल, तर आपण मार्चअखेर सख्ख्या मावशीलाही गाठू.

बॉब लॅडसूर नावाच्या एका शाळेच्या कोचनं मात्र जानेवारी २०१३मध्ये नेमकं हेच केलं. ३९९ विजय, २५ पराभव, ३ मॅच बरोबरीत. बस्स, थांबला. आकडा राउंड फिगर करायचा मोहसुद्धा झाला नाही.

आता आधी थोडी ओळख. हा फुटबॉल म्हणजे आपला रोनाल्डो-मेस्सीवाला नव्हे. हा अमेरिकन फुटबॉल. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड, हातात लांबुळका चेंडू आणि समोरच्याला थेट अंगावर घेणं. तिथं हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. शुक्रवारी रात्री शाळेची मॅच असली की अख्खं गाव स्टँडमध्ये. त्यामुळे शाळेचा कोच ही तिकडे बडी असामी असते. जिंकला तर हिरो, हरला तर किराणा दुकानातही लोक सल्ले देणार!

कॅलिफोर्नियातल्या कॉनकॉर्ड गावच्या द ला साल या मुलांच्या कॅथलिक शाळेत लॅडसूर १९७९मध्ये आला, तेव्हा होता २५ वर्षांचा. शाळेची मुख्य टीम तोपर्यंत एकाही सीझनमध्ये हरल्यापेक्षा जास्त मॅच जिंकली नव्हती. म्हणजे रेझ्युमेवर लिहायलाही लाज वाटावी असा जॉब. त्यात दिवसा वर्गात धर्मशिक्षण शिकवायचं आणि दुपारनंतर मैदान.

आणि मग? १९९१च्या डिसेंबरमध्ये ही टीम पिट्सबर्ग नावाच्या शेजारच्या शाळेकडून फायनल हरली. त्यानंतर १९९२ ते २००३ अशी सलग बारा वर्षं ती एकदाही हरली नाही. १५१ मॅच! त्याआधीचा देशातला विक्रम होता मिशिगनच्या हडसन हायस्कूलचा, सलग ७२ विजयांचा. तो मोडून लॅडसूरची पोरं त्याच्या दुपटीच्याही पुढे गेली. एखाद्या बॅचनं पराभव बघितलाच नाही, असं नाही. बॅचमागून बॅच अशाच पास होऊन गेल्या.

टीका झालीच. खासगी शाळा आहे, लांबलांबून चांगली पोरं गोळा करते, असा आरोप इतर शाळांनी वर्षानुवर्षं केला. शाळेनं तो नाकारला. खासगी शाळेला विद्यार्थी कुठूनही घेता येतात, हा फायदा होताच. पण तो फायदा देशातल्या शेकडो खासगी शाळांना होता. १५१ कुणालाच जमलं नाही.

मग फंडा काय होता? डावपेच तर जुनेच. बाकीचे कोच दरवर्षी नवनवीन पद्धती आणत असताना हा माणूस आपली एकच जुनी पद्धत घोटवून घेत बसला. सीझन संपला की थोड्याच दिवसांत जिम सुरू. पण खरी गंमत होती एका साध्या कार्डात.

दर आठवड्याला प्रत्येक खेळाडू स्वतःच्या हातानं एक कार्ड लिहायचा. त्यावर तीन गोष्टी: व्यायामात काय करणार, सरावात काय करणार, मॅचमध्ये काय करणार. मग सगळ्या टीमसमोर उभं राहून ते वाचायचं आणि एका सहकाऱ्याच्या हातात द्यायचं. कोचच्या नाही हं, सहकाऱ्याच्या! शब्द पाळला की नाही, हे पुढे तोच सहकारी सगळ्यांसमोर सांगणार.

जरा आपलं अप्रेझल आठवा. टार्गेट वरून येतं, आपण त्याखाली सही करतो आणि वर्षअखेर बंद केबिनमध्ये बॉसला पटवतो, की ते का झालं नाही. बॉसला पटवता येतं हो! पण शेजारच्या क्युबिकलमधल्या मित्राला कसं पटवणार? त्यानं आपल्याला चार वाजता चहाला जाऊन साडेपाचला परतताना बघितलेलं असतं.

या कार्डाचा खरा कस लागला २००४मध्ये. त्या वर्षी पास झालेला टेरन्स केली हा गुणी खेळाडू. ऑरेगन विद्यापीठाची स्कॉलरशिप मिळालेली, निघायला दोन दिवस उरलेले. १२ ऑगस्टला रिचमंड गावात त्याला गोळ्या घालून मारलं. वय १८. जिंकण्याचे सगळे विक्रम नावावर असलेल्या टीमला हे कसं सोसायचं, ते कुठल्याच स्कोअरबोर्डनं शिकवलं नव्हतं. तीन आठवड्यांनी, ४ सप्टेंबरला, सिएटलमध्ये बेलव्ह्यू हायस्कूलनं त्यांना ३९-२० हरवलं. १५१ची साखळी तुटली.

बारा वर्षांची पुण्याई एका संध्याकाळी संपली की माणूस काय करतो? दुसरी कंपनी बघतो, नाहीतर टीमवर खापर फोडतो. लॅडसूर तिथेच राहिला. तीच शाळा, तोच वर्ग, तेच कार्ड. पुढची आठ वर्षं. डिसेंबर २०१२मध्ये करोना गावच्या सेंटेनियल शाळेला ४८-२८ हरवून स्टेट चॅम्पियनशिप घेतली. तोच ३९९वा विजय.

पायउतार झाल्यावर गोल्फ खेळायला गेला असेल, असं वाटतं ना? तो शाळेतच राहिला, शिकवत राहिला आणि नव्या कोचचा असिस्टंट झाला. नवा कोच कोण? जस्टिन अलंबॉ, त्याचाच जुना खेळाडू! काल ज्याला आपण शिट्टी वाजवून पळवलं, आज त्याच्या हाताखाली काम. आपल्या ऑफिसात ज्युनिअर टीम लीड झाला तर आपण आठवडाभर डबा एकट्यानं खातो.

त्याच्यावर नील हेस यांचं पुस्तक आलं, २०१४मध्ये ‘व्हेन द गेम स्टँड्स टॉल’ हा सिनेमाही आला. वीकेंडला बघायला हरकत नाही. पण सिनेमापेक्षा ते कार्ड सोपं आहे आणि फुकटही.

येत्या सोमवारी करून बघा. एक कोरं कार्ड घ्या, या आठवड्यात नक्की काय करणार ते लिहा, तीनच ओळी. आणि बॉसला मेल करू नका. शेजारी बसणाऱ्याच्या हातात द्या. देताना हात जरा थरथरला, तर समजा कार्ड बरोबर लिहिलंय!