"मले त गुण आला!" पण कशाने?

हिंगणीत कुणाच्याही ओसरीवर झोपेचा विषय काढा. लगेच सल्ला येतो, "तो झोपेचा हर्बल चहा घेऊन पाहा न जी, मले त दोन दिवसांत गुण आला."

गुण आला असेल, मी नाही म्हणत नाही. पण कशाने? रात्री गवती चहा-तुळशीचं गरम पाणी घेणारा माणूस बहुतेक वेळा संध्याकाळचा कडक चहा सोडतो. चहातलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं अकराला अंगात असतंच! शिवाय मोबाइल बाजूला ठेवून दहा मिनिटं फुंकर मारत बसणं, तेही काही कमी नाही. श्रेय मात्र महागड्या पाकिटाला.

दारातला गवती चहा खुशाल प्या. माझा राग "हर्बल आहे, साइड इफेक्ट नाही" या वाक्यावर आहे. धोतराही वनस्पतीच आहे. अशा पाकिटांत अनेकदा अश्वगंधा असते. तिने काहींच्या यकृताला सूज येऊन कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत. ती थायरॉइड हार्मोन वाढवू शकते, झोपेच्या गोळीसोबत गुंगी वाढवू शकते. गरोदरपणात तर नकोच. २०२१ मध्ये आयुष मंत्रालयानेच उत्पादकांना अश्वगंधेची पानं वापरू नका असं कळवलं होतं. पाकिटातल्या भुकटीत मूळ आहे की पान, तुम्ही कसं ओळखणार?

त्याहून वाईट म्हणजे शेजाऱ्याचं ऐकून चालू गोळी एका दिवसात बंद करणं. महिनोन्महिने घेतलेली अल्प्राझोलाम अचानक थांबवली तर फिट येऊ शकते.

आणि कपाशी गेली, कर्ज डोक्यावर आहे, रोज पहाटे तीनला जाग येते, जेवणावर वासना नाही, कशात मन लागत नाही, अशा माणसाला कृपा करून चहा सुचवू नका. दोन आठवडे असंच चाललं असेल तर ते नैराश्य असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. जाणं जमत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ लावा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही. तो जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल तर एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.