वाट कुणी सोडायची?



पावसाळा लागला की खान्देशातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाक्य फिरायला लागतं: निसर्गात जात नसते. खाली पाटणादेवीच्या केदारकुंडाचा फोटो. हे वाक्य टाकणाऱ्यांची आडनावं एकदा सावकाश वाचून बघा. ज्याला कुणी कधी अडवलं नाही, त्याला अडसर दिसणार कुठून? डोंगराला जात नसते हे आम्हालाही मान्य आहे. डोंगरावर जाणाऱ्या वाटेवर मात्र माणसं चालतात, आणि ती घरून निघताना जात उंबऱ्यावर ठेवून येत नाहीत.

पाचोऱ्याहून गाडीने चाळीसगाव, तिथून अठराएक किलोमीटरवर पाटणादेवी. गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा हा आपल्या जिल्ह्याकडचा दरवाजा. १९८६ मध्ये जाहीर झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं हे जंगल जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद) अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं आहे. साग, अंजन, धावडा, पळस, सालई, मधून वाहणारी डोंगरी नदी. परदेशी गेलेले आपले काही मित्र तिकडच्या स्टेट पार्कातले, पाइनच्या जंगलातल्या पायवाटांचे फोटो पाठवतात. तिकडे वाटेच्या तोंडाशी पाटी असते: ही वाट सगळ्यांची. सायकलवाल्याने चालणाऱ्याला वाट द्यायची, दोघांनी मिळून घोड्याला द्यायची. नियम लिहिलेला असतो, म्हणून त्यावर भांडताही येतं.

आपल्या वाटेवर असं काही लिहिलेलं नसतं आणि तरी नियम प्रत्येकाला पाठ असतो. पाटणादेवीच्या वाटेवर रविवारी उभे राहा. चंडिकेच्या दर्शनाला आलेली कुटुंबं, शहरातून आलेला ट्रेकिंग ग्रुप, शेळ्या घेऊन निघालेला पोरगा, आणि डोक्यावर मोळी घेतलेली एखादी भिल्ल बाई. वाट अरुंद आहे. ओझं तिच्या डोक्यावर, चढ तिच्या पायाखाली. तरी काट्यात उतरून उभी राहते ती, आणि टी-शर्टवाले हसत-खिदळत पुढे जातात. त्यांना ती दिसलेलीच नसते. पुढे वनखात्याचा माणूस भेटला तर तो मोळीची चौकशी करतो, चिप्सच्या पाकिटांची करत नाही. वनहक्क कायदा २००६ चा आहे. गौण वनोपज आणि चराई यांचे हक्क तो मान्य करतो आणि अभयारण्यातल्या जमिनीलाही तो लागू आहे. पण ज्याने तिकीट काढलं तो पाहुणा आणि जी पिढ्यान्‌पिढ्या या जंगलावर जगली ती चोर, हाच हिशेब चालू आहे.

वाट सोडून कडेला उभं राहणं ही आपल्यालाही नवी गोष्ट नाही. पेशवाईत आपल्या पूर्वजांच्या सावलीचाही हिशेब ठेवला जात होता. मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव १९२३ मध्ये पास झाला, सार्वजनिक पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या, आणि तरी चवदार तळ्याचं पाणी प्यायला १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला. म्हणून बाबासाहेबांनी संविधानात ही गोष्ट कुणाच्या चांगुलपणावर सोडली नाही. कलम १५ चा दुसरा भाग काढून वाचा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा. सरकारी पैशातून राखलेलं जंगल, त्यातली पायवाट आणि त्यातला धबधबा यात येतो. आम्हाला तरी यात शंका घ्यायला जागा दिसत नाही.

गेल्या पावसाळ्यात आम्ही वस्तीतल्या चौदा पोरापोरींना घेऊन तिथे गेलो होतो. कुंडापाशी दुसऱ्या एका ग्रुपबरोबर गप्पा झाल्या. ठेचा-भाकरीची देवाणघेवाण झाली. कुठले? पाचोऱ्याचे. आडनाव? ते सांगितल्यावर भाकरी कुणी परत केली नाही, एवढी सुधारणा झाली आहे. फक्त गप्पा संपल्या. जाता जाता त्यातला एक जण म्हणाला, "वर लेण्यांत झेंडे-बिंडे लावू नका हं, निसर्ग खराब होतो." आमच्याकडे झेंडा नव्हताच. आमच्याकडे होते दोन डबे आणि एक प्रथमोपचाराची पेटी. आणि ज्या मंदिराच्या अंगणातून तो आला, तिथले झेंडे त्याच्या लेखी बहुधा निसर्गात मोडत असावेत.

कुणी म्हणेल, एवढ्याशा बोलण्याचं काय घेऊन बसलात. ठीक आहे, मोठी गोष्ट घेऊ. जून २०१८, जामनेर तालुक्यातलं वाकडी. पाचोऱ्याच्या शेजारचा तालुका. उन्हाळ्यात शेतातल्या विहिरीत पोहली म्हणून मातंग समाजाच्या पोरांना नागवं करून मारलं आणि त्याचा व्हिडिओ काढला. आरोपी भटक्या-विमुक्तांतले असल्याचं तेव्हा बातम्यांत आलं, आणि लगेच काही विद्वानांनी विचारलं, मग यात जात कुठे आली? इथेच तर आली. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती हीच: प्रत्येकाला खाली बघायला कुणीतरी ठेवलेलं असतं. पाण्यात उतरायची इच्छा झालेलं पोर, एवढाच त्या मुलांचा गुन्हा. आज शहरातली पोरं पैसे भरून जे करतात तेच.

आता आपल्याच लोकांकडे वळू. "आपलं काम आंदोलनाचं, हे सहली-बिहली बामणांचे चोचले," असं म्हणणारे कार्यकर्ते आम्हाला दर महिन्याला भेटतात. त्यांना आमचं एकच सांगणं आहे: बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचा. छोटंसं पुस्तक आहे, एका बैठकीत होतं. त्यात १९३४ च्या सुमाराची एक सहल आहे. होय, सहलच. सहकाऱ्यांना फिरायला जायचं होतं, आणि काही झालं तरी वेरूळची बौद्ध लेणी बघायचीच असं ठरलं होतं. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाने धुळीने माखलेल्या मंडळींनी दाराजवळच्या हौदावर हातपाय धुतले आणि हौद बाटवला म्हणून गलका झाला. तिथे ओरडणारे मुसलमान होते, हेही बाबासाहेबांनी लपवलं नाही. शेवटी किल्ला बघू दिला, पण आत कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला. विचार करा, बॅरिस्टर माणूस किल्ला बघतोय आणि मागे पहारा त्याच्यावरच.

त्याच पुस्तकात आपलं चाळीसगाव आहे. १९२९ साली सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खान्देशात फिरत होते. धुळे लाइनवरच्या एका गावातला बहिष्कार तपासून ते चाळीसगावला परतले. स्टेशनवर टांगे उभे होते, पण महार माणसाला बसवून न्यायला एकही टांगेवाला तयार नव्हता. लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि ज्याने आयुष्यात कधी लगाम धरला नव्हता असा आपलाच एक माणूस हाकायला बसला. नदीवरच्या मोरीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. आज पाटणादेवीला जाणारा प्रत्येक जण त्याच चाळीसगाव स्टेशनवर उतरतो. आपल्यातले किती जण तिथे क्षणभर थांबतात? आम्ही तरी आमच्या पोरांना प्लॅटफॉर्मवरच ही गोष्ट सांगतो. मग पुढची रिक्षा.

आणि ज्या पाइनच्या जंगलांचं कौतुक आपण फोटोत करतो, त्यांचीही गोष्ट ऐका. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत ही स्टेट पार्क गोऱ्यांसाठी होती. व्हर्जिनियात १९४८ मध्ये एका काळ्या नागरिकाला पार्कमध्ये प्रवेश नाकारला, त्याने कोर्टात धाव घेतली. राज्याने काय केलं? दार उघडलं नाही, १९५० मध्ये 'निग्रोंसाठी' म्हणून वेगळं प्रिन्स एडवर्ड स्टेट पार्क काढून दिलं. आपल्याकडच्या वेगळ्या पाणवठ्याची आठवण होते ना? साउथ कॅरोलायनाने तर कहर केला. १९६३ मध्ये कोर्टाने भेदभाव बंद करा म्हटल्यावर राज्याने सगळी पार्कच बंद केली. आम्ही फिरणार नाही, पण तुमच्याबरोबर फिरणार नाही! ती पूर्ण उघडायला १९६६ उजाडलं. तेव्हा 'ही वाट सगळ्यांची' ही तिकडची पाटीसुद्धा कुणीतरी लढून लावलेली आहे.

पाटणादेवीच्या बाजूने डोंगर चढून पितळखोऱ्याला जाता येतं. तिथे पोचल्यावर दम लागलेला असतो, म्हणून बसून नीट बघा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झालेलं काम आहे, अजिंठ्याच्या सुरुवातीच्या लेण्यांइतकं जुनं. विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग, दाराशी भाला-ढाल घेतलेले द्वारपाल. आणि दानलेख. पैठणचा मितदेव, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. पैठणचाच राजवैद्य मगिल आणि त्याच्या घरचे. इथे सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर कण्हदास नावाच्या सोनाराने ती घडवल्याचं कोरलेलं आहे. ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. अत्तरवाला, वैद्य, सोनार. कष्ट करणाऱ्या आणि व्यापार करणाऱ्या माणसांनी भिक्खूंच्या वर्षावासासाठी हा कडा कोरून घेतला. पावसाळ्यात जंगलात जाण्याची आपली परंपरा यापेक्षा कुणाची जुनी असेल तर आम्हाला दाखवा.

पण नावं बघा काय होतात. नाशिकची त्रिरश्मी लेणी 'पांडवलेणी' झाली. पाटणच्या डोंगरातल्या एका लेण्याला 'सीतान्हाणी' म्हणतात. पितळखोऱ्याबद्दल पर्यटक एकमेकांना सांगतात, "वर काही पडकी लेणी आहेत, धबधबा भारी आहे." हा विसर आपोआप पडत नाही. तिथे आपण गेलो नाही, बोललो नाही, म्हणून दुसऱ्याने नाव ठेवलं.

तेव्हा या पावसाळ्यात काय करायचं ते ठरवू. पाचोरा, भडगाव, चाळीसगावच्या शाखांनी मिळून वर्षावासात एक दिवस पितळखोऱ्याचा ठेवायचा. पोरींना घेऊन यायचं, त्यांना घरी ठेवून नाही. वनखात्याकडे आणि पुरातत्त्व खात्याकडे लेखी मागणी द्यायची: पाटणादेवीच्या प्रवेशापाशी पितळखोऱ्याचा मराठीत फलक हवा, त्यावर मितदेव, मगिल आणि कण्हदास यांची नावं हवीत. प्रवेश शुल्क कशावर खर्च होतं याचा माहिती अधिकारात अर्ज टाकायचा. जत्रेनंतरचा कचरा कोण उचलतं आणि त्याला काय मजुरी मिळते, हाही प्रश्न त्याच अर्जात घालायचा. वाट दाखवायला पायथ्याच्या भिल्ल वस्तीतली पोरं सोबत घ्यायची आणि त्यांना पूर्ण मजुरी द्यायची. 'समाजकार्य' म्हणून फुकट राबवून घ्यायचं नाही.

आणि चढावर मोळीवाली बाई समोर आली, तर चौदा असो की चाळीस, सगळ्यांनी कडेला व्हायचं. यायचं असेल त्यांनी आपापल्या शाखेत नाव द्या. पाण्याच्या दोन बाटल्या आणि घट्ट चप्पल-बूट आणा, शेवटचा चढ निसरडा असतो.