डोक्यातली गाठ, झाडपाला आणि डॉक्टरपासून लपवलेली पुडी

आपल्या तालुक्यातल्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. डोक्यातली कॅन्सरची गाठ हळद, लिंबू आणि कडुलिंबानं चाळीस दिवसांत विरघळते म्हणे. याचं मूळ बहुधा नोव्हेंबर २०२४ मधलं आहे. माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी तेव्हा पत्नीचा कॅन्सर अशा आहारानं बरा झाल्याचं जाहीर सांगितलं होतं. तो कॅन्सर स्तनाचा होता आणि ऑपरेशन, केमो हे सगळंही झालेलं होतं. टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ डॉक्टरांनी पत्रक काढून अशा दाव्यांवर उपचार लांबवू नका असं सांगितलं. सगळं डॉक्टरांच्या सल्ल्यानंच केलं, असा खुलासा पुढे सिद्धूंनीही केला. पत्रक आपल्या ग्रुपवर आलंच नाही. मेसेज तेवढा आला आणि वाटेत स्तनाचा कॅन्सर डोक्याचा झाला.

मीही हसून सोडून दिलं असतं. पण गेल्या वर्षी ऐन ज्वारीच्या काढणीत माझ्या चुलतभावाला रानातच फिट आली. एमआरआयमध्ये गाठ निघाली. ऑपरेशननंतर तपासणीत ग्लिओब्लास्टोमा आला, म्हणजे मेंदूच्या कॅन्सरमधला फार वाईट प्रकार. मग सहा आठवडे लाईट आणि सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या. महात्मा फुले योजनेतून ऑपरेशन आणि लाईटचा खर्च निघाला. खोलीभाडं, जेवणखाण, गाडीभाडं यात एक म्हैस गेली.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. या आजारावर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात नुसत्या लाईटवर असलेले निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांपर्यंत जगले, गोळ्या जोडल्यावर हाच आकडा १४.६ महिने झाला. दोन वर्षांनंतर हयात असणारे मात्र शंभरात दहावरून सव्वीसवर गेले. घरच्यांच्या कानात राहिले ते फक्त महिने. वहिनी म्हणाली, "भाऊजी, एवढंच असेल तर दुसरीकडंही बघू या की." यात अडाणीपणा कुठं आहे? मोठ्या दवाखान्यानं हात आखडता घेतला की माणूस दुसरं दार वाजवणारच.

पत्ते सांगणारे तर रोज येत होते. कुणी कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातलं नरसीपूर सांगायचं, कुणी मध्य प्रदेशातलं बैतूल. दोन्हीकडं झाडपाल्याच्या औषधासाठी आपल्या भागातून माणसं जातात. आम्ही जवळचंच एक ठिकाण धरलं. नाव-गाव देत नाही. तिथल्या माणसानं पुडी दिली आणि बजावलं, "दवाखान्याच्या गरम गोळ्या बंद, तरच गुण येईल." गाडी मीच चालवत होतो. मान मीच डोलावली.

गोळ्या दोन होत्या. एक फिटची, दुसरी डेक्सा, म्हणजे मेंदूची सूज उतरवणारं स्टेरॉइड. दोन्ही एका दिवसात बंद केल्या. तिसऱ्या रात्री त्याला एकामागून एक फिट येऊ लागल्या. दवाखाना दोन तासांवर. डॉक्टरांनी विचारलं, "दुसरं काही चालू होतं का?" वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "नाही." दोन दिवसांनी रक्ताच्या तपासणीत लिव्हरचे आकडे वाढलेले निघाले, तेव्हा खिशातली पुडी टेबलावर ठेवली. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "हे पहिल्या रात्रीच सांगायचं होतं."

स्टेरॉइड बरेच दिवस घेतलं की शरीर स्वतःचं तसलं द्रव्य बनवणं कमी करतं. एकदम थांबवलं तर सूज परत येते आणि माणूस कोसळूही शकतो. ते उतरत्या क्रमानंच थांबवतात. हे मला त्या रात्रीनंतर कळलं. भाऊ दिवाळीनंतर गेला. पुडीनं गेला असं मी म्हणत नाही, आजारच तसा होता. पण शेवटच्या चार महिन्यांतले बारा दिवस आयसीयूत गेले आणि त्यातलं पाप माझ्याकडं येतं.

मग "अमक्याची गाठ झाडपाल्यानं गेली" हे ऐकतो ते सगळं खोटं का? नाही. डोक्यातली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. टीबीची गाठ मेंदूतही होते आणि टीबीच्या गोळ्यांनी विरघळते. मेनिंजिओमा बहुतेक वेळा साधा असतो, ऑपरेशननंतर माणूस वर्षानुवर्षं कामाला जातो. आणि खऱ्या कॅन्सरमध्येही स्टेरॉइड सुरू झालं की सूज उतरून न बोलणारा पेशंट दोन-चार दिवसांत बोलायला लागतो. त्याच आठवड्यात काढा सुरू केलेला असेल तर श्रेय काढ्याला. म्हणून कुणी दाखला दिला की आधी बायोप्सीचा कागद मागा.

कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. पण आपल्याकडं जाहिरात लागतेच कुठं, चुलतभाऊच सांगतो.

भजन, मालिश, प्राणायाम, घरचं गरम जेवण यानं भावाला बरं वाटायचं, आणि डॉक्टरही करू द्या म्हणायचे. पोटात जाणाऱ्या वस्तूचं तसं नाही. गुळवेल असो की भस्म, पुडीसकट डॉक्टरला दाखवा, आणि चालू गोळी कुणाच्याही सांगण्यावरून स्वतः थांबवू नका.

टाटाच्या डॉक्टरांच्या त्या पत्रकाची बातमी मी परवा ग्रुपवर टाकली. दोघांनी अंगठा दाखवला. रात्री एकाचा फोन आला, "पत्रकार, ते बैतूलचं गाव नेमकं कुठलं हो?" कुणासाठी विचारलं तर म्हणाला, आईसाठी. उद्या फाईल घेऊन ये म्हणालोय.